पाऊस आणि उथळ दरडी : हाँगकाँगमधील विचाराचा इतिहास

मुसळधार पावसात डोंगरउतारावरील मातीचा वरचा थर का घसरतो, ह्या प्रश्नाला 'पाण्याने माती जड होते' असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते अपुरे आहे. कणांमधील पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर दाबले जाण्याचे बल घटते आणि घर्षणाचा आधार सुटतो, हे कार्ल टेरझागीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दाखविले. १९३१ साली रिचर्ड्सने असंपृक्त मातीतील जलप्रवाहाचे समीकरण दिले. ह्या दोहोंची सांगड घालण्याची निकड ज्या ठिकाणी विशेषत्वाने भासली, त्यांपैकी हाँगकाँग हे एक होय.

तेथील ग्रॅनाइट व ज्वालामुखीजन्य खडक खोलवर कुजलेले आहेत. कोरड्या ऋतूत मातीच्या छिद्रांतील पाण्याचा दाब हवेच्या दाबाहून कमी असतो; ह्या ओढीमुळे उतार आपल्या खऱ्या ताकदीपेक्षा अधिक उभे टिकतात. पीटर लम ह्या हाँगकाँग विद्यापीठातील अभ्यासकाने असे मांडले, की पाऊस मुरू लागला म्हणजे ओलाव्याची कड खाली सरकते. तिची खोली मातीची पार्यता व काळ ह्यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात, आणि सच्छिद्रता व संपृक्ततेतील वाढ ह्यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजेच भूजल खालून वर चढले नाही, तरीही उतार कोसळू शकतो.

हा प्रश्न केवळ गणिताचा राहिला नाही. १८ जून १९७२ रोजी साऊ माऊ पिंग येथे ७१ व पो शान मार्गावर ६७ माणसे दगावली. २५ ऑगस्ट १९७६ रोजी साऊ माऊ पिंग येथेच पुन्हा १८ बळी गेले. भरावाची माती सैल होती, असे चौकशीत आढळले. १९७७ साली उतारांच्या देखरेखीसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय स्थापन झाले.

मात्र धोक्याची सूचना कोणत्या पावसावरून द्यावी, ह्याविषयी मतभेद उरला. लमने १९७५ साली २४ तासांच्या पावसाबरोबर आधीच्या १५ दिवसांचा पाऊसही विचारात घेतला होता. १९८४ साली ब्रँड व त्याच्या सहकाऱ्यांनी मात्र आधीच्या पावसाला गौण ठरवून तासाला सुमारे ७० मिलिमीटर ह्या तीव्रतेवर भर दिला.

ह्या वादावर २००० साली आयव्हर्सनच्या प्रतिपादनाने प्रकाश पडतो. उताराच्या दिशेने होणारा संथ भूजलप्रवाह मातीची पूर्वस्थिती ठरवितो. वरून खाली पोहोचणारा दाब कोसळण्याची वेळ ठरवितो. हा दुसरा काळ थराच्या खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे पातळ व पार्य थरात तासाचा पाऊस, तर जाड थरात दिवसांचा पाऊस निर्णायक ठरू शकतो.

ह्यावरून एका प्रदेशाची पर्जन्यमर्यादा दुसऱ्यास जशीच्या तशी लावणे धोक्याचे ठरते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. सह्याद्रीच्या बेसाल्टी उतारांसाठी हाँगकाँगचा आकडा उसना घेता येणार नाही. पद्धती घेता येईल. तिच्यासाठी मातीच्या थराची खोली व पार्यता त्या त्या जागी मोजणे अपरिहार्य आहे.