बेचाळीस पराभवांचा इतिहास



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह हेच आपल्या डोळ्यांपुढे येतात. खेळांनाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासातून माणसाच्या स्वभावाविषयी पुष्कळ शिकण्यासारखे असते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. आज मी ज्या खेळाविषयी सांगणार आहे तो तर संगणकाच्या पडद्यावर खेळला जातो. पण नाक मुरडू नका. आधी ऐकून घ्या आणि मग ठरवा.

हल्ली तालुक्याच्या गावीसुद्धा मुले संगणकावर किंवा फोनवर संघाने खेळावयाचे नेमबाजीचे खेळ खेळतात. घरची वडील मंडळी म्हणतात, ‘काय रे, दिवसभर नुसतं ठो ठो चाललंय!’ शिक्षक म्हणतात, ‘अभ्यासाची माती झाली.’ ह्या तक्रारींत तथ्य नाही असे मुळीच नाही. परंतु आपण त्या मुलाला एक प्रश्न क्वचितच विचारतो. ‘हरलास, तेव्हा पुढे काय केलंस?’ हा तो प्रश्न. विचारून बघा. दहांतले आठ जण एकच उत्तर देतील : ‘मी चांगला खेळलो, बाकीचे बिनकामाचे होते.’ ह्या एका उत्तराभोवती ह्या खेळाचा निम्मा इतिहास फिरतो. तो कसा, ते आता पाहू.

प्रथम खेळाचे स्वरूप समजून घेऊ. ह्या प्रकाराला ‘हिरो शूटर’ असे नाव आहे. पाच-पाच किंवा सहा-सहा जणांचे दोन संघ असतात. खेळाडू आपापल्या घरी बसलेले, पण पडद्यावर मात्र सर्व एकाच रणांगणात. एखादी जागा काबीज करून राखायची, किंवा एखादी गाडी ठरल्या ठिकाणापर्यंत पोचवायची, हे संघाचे काम. नेमबाजी हे त्याचे साधन. प्रत्येकाने आपला एक नायक निवडावयाचा. कुणी ढाल धरून पुढे उभा राहणारा, कुणी चपळाईने घाव घालणारा, कुणी जखमी सोबत्यांना बरे करणारा. आपल्या कबड्डीत चढाई करणारा निराळा आणि कोपरा सांभाळणारा निराळा, तसाच हा प्रकार.

ही कामाची वाटणी सुरुवातीपासून नव्हती बरं का. १९९६ साली अमेरिकेत ‘क्वेक’ नावाचा खेळ निघाला. त्यात सगळे खेळाडू सारखेच. सापडेल ते शस्त्र उचलायचे आणि दिसेल त्याला टिपायचे. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या तिघा तरुणांनी, रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयन कॉघली यांनी, ह्या खेळात स्वतःच्या कल्पनेने फेरफार करून ‘टीम फोर्ट्रेस’ नावाचा नवा खेळ रचला. त्यात कुणी टेहळ्या, कुणी वैद्य, कुणी सुरुंग पेरणारा. नेमबाजीच्या खेळात ‘तू कोण?’ ह्या प्रश्नाला पहिल्यांदाच अर्थ आला.

पुढे वॉकर आणि कुक यांना अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने बोलावून घेतले आणि २००७ साली ‘टीम फोर्ट्रेस २’ हा खेळ बाहेर पडला. त्यात नऊ पात्रे होती. चित्रकारांनी ती अशी रेखाटली, की लांबून नुसती काळी आकृती दिसली तरी हा कोण हे ओळखू यावे. त्यातल्या वैद्याची गंमत ऐका. तो सोबत्यांना बरे करीत राहिला, की त्याच्याजवळ एक शक्ती साठत जाते. ती भरली म्हणजे तो स्वतःला आणि एका सोबत्याला आठ सेकंद अभेद्य करू शकतो. अडलेला सामना त्या आठ सेकंदांत फुटतो. म्हणजे एकही गोळी न झाडणारा माणूस सामना फिरवू शकतो, हे खेळाच्या नियमांतच लिहिले गेले.

ह्यानंतर २४ मे २०१६ रोजी ब्लिझार्ड कंपनीचा ‘ओव्हरवॉच’ आला. प्रारंभी त्यात एकवीस नायक-नायिका होत्या. मोठी ढाल घेऊन उभा राहणारा राइनहार्ट, विजेसारखी पळणारी ट्रेसर, पंख पसरून सोबत्यांकडे झेपावणारी वैद्य मर्सी. आपल्याला जवळची वाटेल अशीही एक आहे. सिमेट्रा हे तिचे टोपणनाव. खेळातल्या कथेप्रमाणे ती मूळची हैदराबादची सत्या वासवानी.

खेळ उत्तम, पण खेळणारी माणसे ती माणसेच! जून २०१६ मध्ये ह्या खेळात चुरशीचे, क्रमवारी लावणारे सामने सुरू झाले आणि स्वभावाचे रंग दिसू लागले. सगळ्यांनाच घाव घालणारा नायक हवा. ढाल कोण धरणार? जखमींना कोण पाहणार? ‘मी नाही, तू हो’ असे करता करता सामना हातचा जाई, आणि मग एकमेकांना शिव्याशाप. प्रकरण इतके वाढले, की सप्टेंबर २०१७ मध्ये खेळाचे प्रमुख जेफ कॅप्लन यांनी खेळाडूंना जाहीरपणे सुनावले. उद्दाम वर्तनाचा बंदोबस्त करण्यात आमचा वेळ जातो, म्हणून नव्या गोष्टी तुमच्यापर्यंत उशिरा पोचतात, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

जून २०१८ मध्ये एक सुंदर सोय झाली. सामना संपल्यावर कोण नीट वागला, कुणी संघाला धरून ठेवले, ह्याबद्दल खेळाडूंनी एकमेकांना शाबासकी द्यावी. ती प्रतिपक्षाच्या खेळाडूलाही देता येई! त्यापुढचे पाऊल २०१९ साली पडले. चुरशीच्या सामन्यात दोघांनी आघाडी रोखायची, दोघांनी घाव घालायचे आणि दोघांनी सोबत्यांना सांभाळायचे, असा नियमच झाला. २०२२ मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती आली तेव्हा संघ पाचांचा झाला, आणि आघाडीला एक व बाकी कामांना दोन-दोन अशी वाटणी ठरली. माणसे आपण होऊन कामे वाटून घेईनात, म्हणून नियमाला ती वाटावी लागली, असा ह्याचा अर्थ.

आता ज्या संघासाठी हा लेख लिहिला, त्याच्याकडे वळतो. जानेवारी २०१८ मध्ये ‘ओव्हरवॉच लीग’ ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी जगातल्या निरनिराळ्या ठिकाणांच्या, बहुतेक शहरांच्या, नावांचे बारा संघ होते. सामने अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बरबँक येथे प्रेक्षकांनी भरलेल्या सभागृहात होत. त्यांपैकी एक संघ ‘शांघाय ड्रॅगन्स’. त्या हंगामात प्रत्येक संघाचे चाळीस सामने झाले. शांघायने किती जिंकले असतील? एकही नाही. चाळीसच्या चाळीस सामने हरले!

मेहनत कमी पडली म्हणावी, तर तसेही नव्हते. हा संघ आठवड्यातून सहा दिवस, रोज बारा-बारा तास सराव करतो, अशा बातम्या त्या वेळी छापून आल्या होत्या. म्हणजे केवळ तास मोजून विद्या येत नाही. दिवसभर पुस्तक उघडे ठेवणारा विद्यार्थी पहिला येतोच असे नाही, हे शिक्षकांना मी काय सांगावे?

हंगाम चालू असतानाच ह्या चिनी संघात कोरियातले खेळाडू आले. त्यांत किम से-यॉन ही तरुणी होती. गेगुरी हे तिचे खेळातले नाव. २०१६ साली तिचा नेम इतका अचूक होता, की ही लबाडी करते असा आरोप तिच्यावर झाला. तेव्हा ती एका स्टुडिओत जाऊन सर्वांसमोर खेळली. तिच्या हातावर कॅमेरा रोखलेला होता. आरोप गळून पडला. लीगमध्ये आलेली ती पहिली स्त्री खेळाडू. चांगली माणसे आली, तरी हार काही थांबेना. काही चिनी बोलणारे, काही कोरियन बोलणारे. ह्या खेळात ‘मागून आला’, ‘थांब’, ‘आता चल’ हे क्षणार्धात सांगावे लागते. तिथे दुभाष्या काय करणार?

२०१९ चा हंगाम आला. संघाची बांधणी बहुतांशी नव्याने झाली. मैदानात उतरणारे मुख्यत्वे कोरियन असल्याने बोलण्याची भाषा एक झाली. तरी पहिले दोन सामने गेलेच. एकूण पराभव बेचाळीस. अखेर २२ फेब्रुवारी २०१९ रोजी शांघायने बोस्टनच्या संघाला तीन विरुद्ध एक असे हरवले. विशेष म्हणजे शांघायच्या बाजूने आघाडी धरणारा गामसू हा खेळाडू काही दिवसांपूर्वीच बोस्टनमधून आलेला होता. सभागृहात असा जल्लोष झाला, की जणू विश्वविजेतेपदच मिळाले!

त्याच वर्षी जुलैमध्ये हंगामाच्या तिसऱ्या टप्प्याच्या अंतिम सामन्यात शांघायने सॅन फ्रान्सिस्कोच्या बलाढ्य संघाला चारास तीन असे नमविले. त्या काळी बहुतेक संघ तीन ढालकरी आणि तीन सांभाळणारे अशीच रचना करीत. शांघायने परक्याची नक्कल केली नाही. आपल्या खेळाडूंच्या हाती जे कसब होते, त्यावर आपली रचना उभी केली. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अटलांटाच्या संघाला चार-शून्य हरवून ते लीगचे विजेते झाले. त्या अंतिम सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू कोण ठरला? फेट नावाचा खेळाडू. तो घाव घालणाऱ्यांतला नव्हे, आघाडी रोखणाऱ्यांतला! ही लीग २०२३ च्या हंगामानंतर बंद झाली. पण शांघायची ही कहाणी मागे उरली.

तुम्ही म्हणाल, ‘अहो, खेळाडूच बदलले. मग जिंकले ह्यात नवल ते काय?’ शंका रास्त आहे. पण नुसती माणसे बदलून भागले असते, तर पहिल्याच हंगामात आलेल्या नव्या खेळाडूंनी जिंकून दिले असते. चांगली माणसे, एक बोली, वाटून घेतलेली कामे आणि आपल्या बळाला साजेशी रचना, ही चारही एकत्र यावी लागली. गाव करी ते राव न करी, ही आपली म्हण इथे तंतोतंत लागू पडते.

ह्यावरून घरी खेळणाऱ्या मुलाने काय घ्यावे? पहिली गोष्ट, दोन-तीन नायक धरावेत आणि ते नीट शिकावेत. रोज नवा नायक घेणाऱ्याचे एक ना धड, भाराभर चिंध्या असे होते. दुसरी गोष्ट, आपला हरलेला सामना पुन्हा पाहावा. खेळात तशी सोय असते. पाहताना ‘तो कुठे चुकला’ हे न शोधता ‘मी का पडलो, त्या वेळी कुठे उभा होतो’ एवढेच शोधावे. बहुधा असे दिसते, की सोबती पडलेले असताना आपण एकटेच पुढे धावलो होतो. चौघे परत येईपर्यंत दहा सेकंद थांबणे, हे नेमबाजीपेक्षा अधिक सामने जिंकून देते. तिसरी गोष्ट, थोडके आणि कामापुरते बोलावे. ‘डावीकडे एक जण’, ‘माझी मोठी शक्ती भरली’ असे. दोष नंतर, माहिती आधी. आणि चौथी, लागोपाठ दोन सामने हरलो की उठावे, पाणी प्यावे, बाहेर फिरून यावे. चिडलेल्या माणसाचा हात आणि डोके, दोन्ही चुकतात.

आणि आनंदाचे काय? इथे एक साधा हिशेब सांगतो. क्रमवारीच्या सामन्यांत यंत्र शक्यतो तुमच्या तोडीचे प्रतिपक्षी शोधून देते. तुम्ही सुधारलात, की समोर अधिक चांगले खेळाडू येतात. म्हणजे कितीही खेळलात, तरी बहुतेकांचे निम्मे सामने जिंकायचे आणि निम्मे हरायचे. ज्याचा आनंद फक्त जिंकण्यात आहे, तो निम्मा वेळ दुःखीच राहणार! पण ‘आज मी एकदाही एकटा धावलो नाही’, ‘आज माझ्या ढालीमुळे दोघे वाचले’, ह्यात ज्याला आनंद वाटतो, त्याचा आनंद हरलेल्या सामन्यातही शाबूत राहतो. समोरच्याने सुरेख खेळ केला, तर त्याला शाबासकी द्यावी. त्यात आपले काही जात नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मुलाने किती वेळ खेळावे ह्याला मर्यादा घालाच. अति तेथे माती हे इथेही खरेच आहे. पण मर्यादा घालताना त्याला तो प्रश्नही विचारा : हरलास, तेव्हा काय केलंस? उत्तर ‘बाकीचे बिनकामाचे होते’ असे आले, तर त्याला शांघायच्या संघाची हकिकत सांगा. शाळेच्या खो-खोच्या संघात, सहकारी सोसायटीत, ग्रामपंचायतीत, उद्या त्याच्या संसारातही हा प्रसंग येणारच आहे. काम बिघडले म्हणजे दोष वाटायला सगळेच पुढे होतात. कामे वाटून घ्यायला जो पुढे होतो, त्याच्या संघाचा पहिला विजय उशिरा का होईना, पण येतो.