कागदाचा कपटा

तुर्कस्तानात राहायला गेलेल्या परदेशी माणसाला तेथल्या भव्य मशिदींपेक्षा घरगुती रीतिरिवाजच अधिक चकित करतात. दारात जोडे काढायचे, हे युरोपियनाला शिकावे लागते. तुर्क माणूस मान वर उचलून जिभेने 'च्यक्' करतो म्हणजे 'नाही' म्हणतो, हे नवख्याला चटकन उमगत नाही. आपल्याला मात्र यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. पोराला दृष्ट लागू नये म्हणून ते निळा मणी बांधतात, आणि त्या दृष्टीला शब्दही आपलाच: नजर!

पण मला सांगायचे आहे ते कागदाविषयी.

बुसबेक नावाचा एक फ्लेमिश गृहस्थ हॅप्सबर्ग घराण्याचा वकील म्हणून सुलतान सुलेमानाच्या दरबारी गेला. १५५५ च्या आरंभी तो इस्तंबूलला पोचला, आणि मधला थोडा काळ सोडला तर १५६२ पर्यंत तुर्कस्तानातच होता. त्याने लिहिलेली चार लॅटिन पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत तो सांगतो की, रस्त्यात कागदाचा कपटा दिसला की तुर्क तो उचलून भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात. का, तर त्यावर देवाचे नाव लिहिलेले असू शकते. शिवाय त्याला असेही सांगण्यात आले की, कयामतीच्या दिवशी स्वर्गाची वाट तापल्या लोखंडी जाळीवरून अनवाणी चालायची आहे. त्या वेळी ज्याने जितके कागद पायदळी पडू दिले नसतील तितके त्याच्या तळपायांखाली येऊन पसरतील.

एकदा बुसबेकच्या नोकरांनी कागद कसल्याशा घाणेरड्या कामाला वापरला. बरोबरचे तुर्क संतापून तक्रार घेऊन आले. बुसबेकने उत्तर दिले की, डुकराचे मांस खाणाऱ्यांकडून दुसरी काय अपेक्षा करणार! उत्तर मोठे चतुर खरे. पण ही समजूत हसून सोडून देण्याजोगी होती, असे मला वाटत नाही. पुस्तकाला पाय लागला की ते कपाळाला लावणारी मुले मी वर्गात रोज पाहतो. त्यांना कुणी जाळीची भीती घातलेली नाही.

आजही तुर्की घरात पावाचा तुकडा जमिनीवर पडला तर तो उचलून ओठांना व कपाळाला लावतात आणि उंच जागी ठेवतात. शिळा पाव कचऱ्यात मिसळत नाहीत. वेगळ्या पिशवीत घालून बाहेर टांगतात. अन्नाचा मान असा टिकला.

कागदाचे मात्र निराळे झाले. ज्या लिपीत देवाचे नाव असेल म्हणून कपटे वेचायचे, ती अरबी लिपीच १९२८ च्या नोव्हेंबरात कायद्याने गेली आणि रोमन अक्षरे आली. साक्षरता वाढवायला त्यांचा मोठा उपयोग झाला, हे शिक्षक म्हणून मी नाकारणार नाही. पण नव्या शाळेत शिकलेल्या नातवाला आजोबांचे पत्र वाचता येईना. आजोबांच्या कबरीवरचे नावही लागेना.

आपल्याकडे मोडीचे तेच झाले. फक्त एका कायद्याने नव्हे, हळूहळू. माझ्या घरात मोडी कागदांचा एक रुमाल आहे. आजीच्या हयातीत तो देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर असे. मला त्यातली एक ओळ लागत नाही. फळी मी अद्याप बदललेली नाही.