प्रथिनांची साक्ष: स्तनकर्करोगाच्या भाकिताचा इतिहास

स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढली, तरी एक प्रश्न मागे उरतो: आजार उलटेल काय? दीर्घकाळ या प्रश्नाचे उत्तर गाठीचा आकार, काखेतील लसिकाग्रंथी आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे पेशींचे रूप यांवरून दिले जाई. परंतु सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींचे भवितव्य सारखे नसे.

1896 मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी अंडाशये काढल्यावर स्तनातील गाठी आक्रसल्याचे प्रसिद्ध केले. हा गुण काहींनाच का येतो, याचा उलगडा व्हायला सहा दशके लोटली. शिकागोत एलवूड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून त्याला धरून ठेवणारे ग्राही प्रथिन दाखवले. ते ज्या गाठीत नाही, तिथे संप्रेरक-उपचार सहसा निष्फळ ठरतात. पुढे 1987 मध्ये डेनिस स्लेमन व सहकाऱ्यांनी दाखवले की, हर-टू जनुकाच्या प्रती वाढलेल्या गाठी लवकर उलटतात. त्याच जनुकाच्या प्रथिनावर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध 1998 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. अशुभ मानलेली खूणच उपचाराचे लक्ष्य बनली.

या शोधाची भारतीय बाजूही जुनी आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएच.डी. मिळवली आणि मुंबईत स्तनकर्करोगातील आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला. पुढील टप्पा बंगळूरूचा. डॉ. मंजिरी बाकरे यांनी 2011 मध्ये स्थापन केलेल्या ऑन्कोस्टेम संस्थेने ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ ही चाचणी विकसित केली. मेणात जतन केलेल्या ऊतीवर प्रतिपिंडांच्या साहाय्याने पाच प्रथिने रंगवून पाहिली जातात. त्यांच्या नोंदींना गाठीचा आकार, तिची प्रत आणि लसिकाग्रंथींची स्थिती यांची जोड देऊन, पाच वर्षांत आजार दूरवर उलटण्याची जोखीम संगणक वर्तवतो. ही चाचणी संप्रेरक-ग्राही असलेल्या, पण हर-टू नसलेल्या प्रारंभिक आजारासाठीच आहे.

जोखीम कमी ठरली, तर केमोथेरपी टाळता येण्याचा विचार होतो. मोलमजुरीवर चालणाऱ्या घरात याचा अर्थ वाचलेले कर्ज, न बुडालेला रोज आणि न सोसावी लागलेली यातना. तथापि चाचणी म्हणजे भविष्यवाणी नव्हे. ती संभाव्यता सांगते, निर्णय डॉक्टर व रुग्ण मिळूनच घेतात. कोणाला औषध द्यावे, याइतकेच कोणाला देऊ नये हे ओळखणे, हीच या शतकभराच्या शोधाची खरी मिळकत होय.