नेवा नदीचे दप्तर

लादोगा सरोवरातून निघून फिनलंडच्या आखातास मिळणारी नेवा ही नदी लांबीने अवघी 74 किलोमीटर. परंतु तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या सरोवराचा विस्तार सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक असल्यामुळे तिच्या पात्रातून दर सेकंदास सरासरी अडीच हजार घनमीटर पाणी वाहते, आणि उगमापासून मुखापर्यंत ती कोठेही क्षीण म्हणून दिसत नाही. या नदीच्या मुखाशी, दलदलीच्या बेटांवर, 1703 साली पहिल्या पीटरने आपले नवे नगर पीटर्सबर्ग वसविण्यास प्रारंभ केला. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे 1706 पासून, नदीवरील बर्फ वसंतात कोणत्या दिवशी फुटला याची नोंद सापडू लागते. नगराच्या शैशवातच सुरू झालेली ही नोंद, मधली काही वर्षे सोडली तर, पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती कोणा विद्वानाच्या जिज्ञासेपोटी सुरू झाली असे मला वाटत नाही. नदी धरली की नाही, फुटली की नाही, यावर टपाल, रसद, बाजार, पूल आणि कचेऱ्या या साऱ्यांचा कारभार लटकून राहत असे. ती तारीख लिहून ठेवणे भागच होते, आणि गरजेने ठेवलेल्या हिशेबाइतका प्रामाणिक हिशेब दुसरा क्वचितच असतो.

वाहती नदी तळ्यासारखी गोठत नाही. स्थिर पाणी 4 अंश सेंटिग्रेडच्या खाली निवू लागले की हलके होऊन वरच राहते, आणि एखाद्या निरभ्र रात्री त्यावर पातळ, पारदर्शक पापुद्रा धरतो. नेवेसारख्या वेगवान प्रवाहात मात्र वरचे पाणी खाली आणि खालचे वर असे सतत घुसळत असल्याने सबंध नदीच तळापर्यंत शून्य अंशास येते, किंबहुना शून्याच्याही खाली अंशाच्या काही शतांश भागांइतकी उतरते. आणि मग वाऱ्याने पाण्याची उष्णता आणखी ओढून घेतली की सर्व खोलीभर एकाच वेळी बर्फाच्या बारीक, गोल चकत्या जन्म घेतात. या चकत्या त्या क्षणी विलक्षण चिकट असतात. त्या एकमेकींस बिलगतात, तळाच्या दगडगोट्यांवर थर धरतात, पाणी खेचणाऱ्या नळांच्या जाळ्या बुजवून टाकतात. आणि तळाशी धरलेला बर्फ पुरेसा वाढला की तो वाळू व गोटे यांसह सुटून वर येतो. पृष्ठभागावर प्रथम तेलकट दिसणारा करडा तवंग येतो, त्याचा लगदा होतो, लगद्याच्या लाद्या होतात. त्या एकमेकींवर घासत चालल्याने त्यांच्या कडा वर वळतात, आणि ते घासणे तीरावरून स्पष्ट ऐकू येते. दरम्यान दोन्ही काठांकडून स्थिर बर्फाच्या पट्ट्या आत सरकत असतात. मुखाजवळ आखाताचा बर्फ आधीच धरलेला असला की वाहत आलेल्या लाद्या त्यास अडून थांबतात, त्यांच्यामागे दुसऱ्या थांबतात, आणि अशा रीतीने नेवा मुखाकडून उगमाकडे, प्रवाहाच्या उलट दिशेने, बंद होत जाते.

शहराच्या वरच्या अंगास इवानोव्ह्स्की नावाचा एक उथळ व अत्यंत वेगवान टप्पा आहे. तेथे पाणी सहजासहजी धरत नाही. परंतु उघड्या राहिलेल्या पाण्यात तो चिकट लगदा अखंड तयार होत राहतो, तो खालच्या स्थिर बर्फाच्या पोटाशी जाऊन साठतो, नदीची वाट आतून बुजते, आणि ऐन हिवाळ्याच्या तोंडावर वरच्या भागात पाणी चढून तीरावरच्या वस्तीत शिरते. पीटर्सबर्गच्या ज्या महापुरांची ख्याती जगभर झाली, त्यांचा मात्र बर्फाशी संबंध नाही. नव्या पंचांगाप्रमाणे 19 नोव्हेंबर 1824 रोजी जो भीषण पूर आला तो आखातावरून आलेल्या वादळाने समुद्राचे पाणी नदीच्या मुखात रेटल्यामुळे आला होता.

उत्तरेकडे वाहणाऱ्या मोठ्या नद्यांची गोष्ट याहून निराळी आहे. सैबेरियातील लेना नदी दक्षिणेकडच्या डोंगरांत उगम पावून उत्तर ध्रुवसागरास मिळते. तिचा वरचा भाग वसंतात लवकर सुटतो, आणि सुटलेले पाणी व बर्फ खाली अद्याप अभंग असलेल्या जाड आवरणावर येऊन आदळतात. मग लाद्यांचे ढीग नदीच्या तळापर्यंत रचले जातात आणि त्यांच्या मागे पाणी तुंबते. 2001 च्या मे महिन्यात लेन्स्क हे गाव अशाच तुंबाऱ्याने जवळजवळ वाहून गेले, आणि बर्फाचा तो बांध फोडण्यासाठी विमानांतून बॉम्ब टाकावे लागले. नेवा आखूड आहे व पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे या संकटातून ती पुष्कळशी वाचली. तिच्या वाट्यास दुसरीच एक गोष्ट आली: तिचा बर्फ दोनदा वाहतो. एप्रिलच्या पूर्वार्धात बहुधा तिचा स्वतःचा बर्फ जातो. पात्र मोकळे होते, ऊन पडते, लोक जड डगले उतरवितात. आणि नंतर, लादोगाचा बर्फ फुटून वारा तो नदीच्या उगमापाशी असलेल्या श्लिसेलबुर्गकडे लोटू लागला की पांढऱ्या लाद्यांची दुसरी रांग शहरातून जाऊ लागते आणि हवा पुन्हा बोचरी होते. वास्तविक सरोवरातील बर्फाचा अगदी थोडा भागच नदीत उतरतो, बाकीचा जागच्या जागी विरघळतो. परंतु त्या थोड्या भागाचाही गारठा शहराला चांगलाच जाणवतो.

फुटण्याची क्रिया बाहेरून दिसते तितकी आकस्मिक नसते. बर्फ जाडीने फारसा कमी न होताही आतून दुबळा होत जातो. तो उभ्या स्फटिकांचा बनलेला असतो; वसंतातील ऊन त्या स्फटिकांच्या सांध्यांत शिरून सांधेच आधी वितळविते, आणि हात-दीड हात जाडीची लादी आतून उभ्या काड्यांची जुडी होऊन बसते. तिचा रंग पांढऱ्याचा करडा, करड्याचा काळपट होतो. जाणते लोक त्या रंगावरूनच तिच्यावर पाऊल टाकावे की नाही ते ठरवीत.

आता शहराकडे वळू. पीटरला आपल्या प्रजेने डच लोकांप्रमाणे शिडे हाकावीत असे वाटत असल्याने त्याने नेवेवर पूल होऊच दिला नाही. तो 1725 साली वारल्यानंतर, 1727 मध्ये त्याचा विश्वासू सरदार मेन्शिकॉव्ह याच्या अमलात, वासिल्येव्स्की बेटापर्यंत तराफ्यांवर तरंगणारा पूल प्रथम घातला गेला. मेन्शिकॉव्ह पदच्युत होताच तो काढला गेला आणि 1732 मध्ये पुन्हा उभारला गेला. हा पूल म्हणजे नदीच्या मर्जीवर चालणारी वस्तू होती. शरदात लाद्या वाहू लागल्या की तो सोडवून काठाला घ्यावयाचा, बर्फ स्थिर झाला की पुन्हा मांडावयाचा, वसंतात नदी हलली की पुन्हा काढावयाचा, तिचा स्वतःचा बर्फ गेला की जोडावयाचा, आणि लादोगाचा बर्फ आला की परत सोडवावयाचा. 1724 साली स्थापन झालेली विज्ञान अकादमी, व्यापाऱ्यांचा बाजार आणि पुढे विश्वविद्यालय ही सर्व वासिल्येव्स्की बेटावर होती, तर राजवाडा व अ‍ॅडमिरल्टी समोरच्या तीरावर. वर्षातून दोनदा, कधी काही दिवस तर कधी अधिक काळ, साम्राज्याची राजधानी अशी दुभंगलेली असे.

म्हणूनच नदी मोकळी झाल्याची घोषणा ही राजकृत्याच्या योग्यतेची मानली गेली. पीटर आणि पॉल किल्ल्याच्या तटावरून तोफा सुटेपर्यंत नदी ओलांडण्यास कोणत्याही नावेला परवानगी नसे. तोफा सुटल्या की किल्लेदार स्वतः नावेत बसून समोरच्या तीरावर जाई, वाटेत चांदीच्या चषकात नेवेचे पाणी भरून घेई, आणि तो चषक राजवाड्यात सम्राटाच्या हाती देऊन नदी सुरू झाल्याची वर्दी देई. सम्राट ते पाणी पिऊन रिकामा चषक नाण्यांनी भरून परत करी. असे सांगतात, की हा शिरस्ता पडल्यावर चषक वर्षागणिक मोठा होत गेला, आणि शेवटी दोनशे सुवर्णमुद्रांचे बक्षीस एकदाच ठरवून टाकावे लागले. चषकाच्या आकारासंबंधीचा हा भाग आख्यायिका असेल; परंतु ज्या राज्यात सर्व वर्दी खालून वर जात असे, तेथे नदीची वर्दी सर्वांत वरच्या माणसास त्या नदीचेच पाणी पाजून दिली जाई, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

बर्फ होता तोवर नेवा ही नदी नसून शहराचे सर्वांत मोठे मैदान होते. राजवाड्यासमोर जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीच्या 6 तारखेस, ख्रिस्ताच्या स्नानाच्या पर्वणीला, बर्फावर लाकडी मंडप उभारून त्याखाली पाडलेल्या छिद्रात धर्मगुरू क्रूस बुडवीत. 1905 साली याच सोहळ्यात सलामीच्या तोफांपैकी एकीत खरे छर्रे भरलेले निघाले आणि ते मंडपावर व राजवाड्याच्या खिडक्यांवर आदळले. त्यानंतर तीनच दिवसांनी त्याच राजवाड्याकडे निघालेल्या कामगारांवर गोळीबार झाला.

त्याच्याही आधी, 1739-40 च्या असाधारण कडक हिवाळ्यात, सम्राज्ञी अ‍ॅनाच्या आज्ञेने नेवेच्या बर्फाचा महाल बांधला गेला होता. वास्तुकार येरोप्किन याने नदीतील निवडक, स्वच्छ लाद्या कापवून, त्यांवर पाणी शिंपून त्या एकजीव करविल्या. दारे, खिडक्या, पलंग, उशा, झाडे, पक्षी, सर्व बर्फाचे. दाराशी बर्फाच्या तोफा होत्या आणि त्या खरोखर डागल्या गेल्या; बर्फाचा हत्ती होता, त्याच्या सोंडेतून दिवसा पाणी आणि रात्री जळते तेल उडे. अकादमीतील पंडित क्राफ्ट याने या वास्तूचे मापांसह वर्णन प्रसिद्ध केले म्हणून ती आज तपशिलाने ठाऊक आहे. परंतु ज्या कारणासाठी ती उभारली ते कारण क्रौर्याचे होते. प्रिन्स गोलित्सिन याला, त्याने परधर्मीय स्त्रीशी विवाह केला म्हणून, दरबारचा विदूषक करण्यात आले होते; 1740 च्या फेब्रुवारीत त्याचे एका दासीशी लग्न लावून त्या दोघांना रात्रभर बर्फाच्या पलंगावर कोंडून बाहेर पहारा बसविला गेला. ती दोघे जगली. क्राफ्टच्या मापांचे कौतुक करताना ही रात्र विसरणे मला शक्य होत नाही.

सामान्य लोकांचा नेवेच्या बर्फाशी संबंध यापेक्षा पुष्कळ सरळ होता. घरोघरच्या अंगणात तळघरे असत आणि उन्हाळ्यात मांस, दूध, लोणी टिकविण्यासाठी ती बर्फाने भरून ठेवावी लागत. मजूर, बहुतेक हिवाळ्यापुरते आलेले शेतकरी, नदीवर रेषा आखून करवतीने लांब पट्टे कापीत आणि पट्ट्यांचे ठोकळे पाडीत. घसरगाडीचा मागचा भाग पाण्यात उतरवून तरंगत्या ठोकळ्याखाली सरकविला जाई, आणि घोड्याने जोर करताच ठोकळा गाडीसह वर येई. कापलेल्या जागेभोवती फरची कोवळी झाडे रोवीत, म्हणजे अंधारात कोणी आत पडू नये; तशाच झाडांच्या रांगांनी नदी ओलांडण्याच्या पायवाटा आखलेल्या असत. पाच कोपेक दिले की स्केट घातलेला माणूस घसरपट्ट्यांच्या खुर्चीत बसवून पैलतीरी ढकलीत नेई. आणि 1895 च्या जानेवारीत याच बर्फावर रूळ टाकून विजेची ट्राम सुरू झाली. शहरातील रस्त्यांवर घोड्यांच्या ट्रामचा मक्ता असल्याने तेथे विजेच्या गाडीस मज्जाव होता. नदीचा पृष्ठभाग मात्र कोणत्याही मक्त्यात बसत नव्हता. रस्त्यावरची विजेची ट्राम 1907 मध्ये आली. तोपर्यंत पीटर्सबर्गच्या लोकांना ती फक्त हिवाळ्यात, बर्फावरच, भेटत असे.

केर्बेद्झ या अभियंत्याने बांधलेला पहिला कायम पूल 1850 मध्ये खुला झाला, आणि तेव्हापासून नदीची तारीख कारभाराच्या दृष्टीने हळूहळू गौण होत गेली. ती पुन्हा एकदा प्राणाएवढी महत्त्वाची झाली ती 1941 च्या हिवाळ्यात. 8 सप्टेंबरला शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला. 20 नोव्हेंबरपासून बहुसंख्य नागरिकांना दिवसास 125 ग्रॅम पाव मिळू लागला. बाहेरून रसद येण्याची वाट आता सरोवरावरूनच उरली होती, आणि सर्वांचे लक्ष लादोगाचा बर्फ कधी धरतो याकडे लागले. पातळ बर्फावरून प्रथम घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या, आणि 22 नोव्हेंबरला मालमोटारींचा पहिला तांडा निघाला. येथे एक विचित्र अडचण पुढे आली: पूर्ण भाराने तगणारा बर्फ कधी कधी हलक्या गाडीखाली फुटे. मोटार चालली की तिच्याखालील बर्फ वाकतो आणि त्यात लाट उठते. गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला तर वाक वाढत जाऊन बर्फ तुटतो. भौतिकशास्त्रज्ञ नाउम रेइनोव्ह याने हा वाक टिपणारी यंत्रे बनवून ती बर्फावर बसविली, आणि गाड्यांचा वेग व त्यांमधील अंतर यांचे नियम त्या मोजमापांवरून ठरले. 24 एप्रिल 1942 पर्यंत या वाटेने साडेतीन लाख टनांहून अधिक माल आला आणि पाच लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. शहरात त्याच वेळी नळ गोठलेले होते. बायका, मुले, म्हातारे मुलांच्या घसरगाड्यांवर बादल्या व किटल्या बांधून ग्रॅनाइटच्या घाटावर येत, सांडलेल्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या उतरून नेवेच्या छिद्रातून पाणी भरीत, आणि ज्याला वाकवत नसे त्याच्यासाठी शेजारचा भरून देई.

आता त्या जुन्या दप्तराचा उपयोग हवामानाचे अभ्यासक करतात. ते वाचताना जुन्या पंचांगाच्या तारखांत अठराव्या शतकासाठी 11, एकोणिसाव्यासाठी 12 आणि विसाव्यासाठी 13 दिवस मिळवावे लागतात. तसे केल्यावर जे दिसते ते नि:संदिग्ध आहे: पूर्वीच्या मानाने नेवा आता उशिरा धरते आणि लवकर सुटते. परंतु आज आखातातून जहाजे आणण्यासाठी बर्फफोडी नौका ऐन हिवाळ्यात वाट कापतात, शहराचे ऊबदार सांडपाणी काठाचा बर्फ झिजविते. मग अमुक दिवशी नदी फुटली म्हणून जे लिहावयाचे, ते नदीचे कर्तृत्व किती आणि नौकांचे किती, हा प्रश्न उरतोच. म्हणून या नोंदवहीत नौकेने वाट फोडली तो दिवस आणि बर्फ आपण होऊन हलला तो दिवस असे दोन स्वतंत्र रकाने असावेत असे माझे मत आहे, आणि लादोगाचा बर्फ शहरातून जाऊ लागल्याच्या दिवसासाठी तिसरा. कारण त्या शेवटच्या तारखेवर नौकांचा अंमल अद्याप फारसा चालत नाही.