‘ही सेवा तुमच्यासाठी नाही’: एका मुलाखतीची गोष्ट

१/ १९५० च्या नागरी सेवा परीक्षेनंतरची मुलाखत. समोर आर. एन. बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखालील मंडळ, त्यात ज्येष्ठ आयसीएस अधिकारी. उमेदवार केरळच्या अ‍ॅना राजम जॉर्ज.

२/ मंडळाने सल्ला दिला: प्रशासकीय सेवेचा हट्ट सोडा, परराष्ट्र किंवा केंद्रीय सेवा घ्या, स्त्रियांना त्याच अधिक साजेशा. नकाराचा प्रतिवाद करता येतो. हितचिंतकाच्या सल्ल्यापुढे मात्र भल्याभल्यांचा आवाज खाली येतो.

३/ अ‍ॅना यांनी आपली बाजू मांडली, पसंती बदलली नाही. १९५१ मध्ये त्या मद्रास केडरमध्ये रुजू झाल्या. नियुक्तिपत्रात अट होती: विवाह केल्यास सेवा समाप्त.

४/ परीक्षा संपली नव्हती. मद्रासचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी जिल्ह्याऐवजी सचिवालयातील पद देऊ केले. अ‍ॅना यांनी घोडेस्वारी व शस्त्र चालवण्याचे प्रशिक्षण घेतले होते. कायदा व सुव्यवस्था आपणही सांभाळू शकतो, असे त्यांनी ठामपणे सांगितले. अखेर होसूरला उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली.

५/ विवाहाची अट पुढे गळून पडली. सहकारी आर. एन. मल्होत्रा, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पुढचे गव्हर्नर, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची धुरा याच अ‍ॅना मल्होत्रांनी वाहिली.

६/ मंडळ असो वा मुख्यमंत्री, त्यांची मागणी एकच होती: पुरुषांइतकी संधी. मागणी नेमकी आणि तयारी पक्की असली, की आवाजाला कापरे भरायला फारसे कारण उरत नाही.