यकृताची आडवाट आणि चार आण्यांचे गणित

१८७७ साली रशियातील निकोलाय एक (हे आडनाव आहे, आकडा नव्हे) यांनी आठ कुत्र्यांवर एक धाडसी शस्त्रक्रिया केली. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर त्यांनी हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेला जोडली. सात कुत्री आठवडाभरात मेली. आठवे अडीच महिने जगले आणि पळून गेले! १८९३ मध्ये पावलोव्ह व सहकाऱ्यांनी अशी कुत्री जगवली, तेव्हा खरा प्रकार कळला. मांस खाल्ले की ती अडखळत, आंधळ्यासारखी वागत, त्यांना झटके येत. प्रथिनांपासून तयार झालेला अमोनिया यकृत टाळून मेंदूपर्यंत पोचत होता.

काही पिल्ले ही आडवाट जन्मतःच घेऊन येतात. लाळ गाळणारे, भिंतीला डोके टेकून उभे राहणारे पिल्लू गावात ‘पिसाळलेले’ ठरू शकते. मग त्याचे काय होते ते आपण जाणतोच. (शंका असताना जवळ जाऊ नये, पशुवैद्यास बोलवावे, हे मुलांना जरूर सांगावे.)

आडवाट ओळखायची कशी? १९९० च्या सुमारास अमेरिकेतील पशुवैद्यकांनी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य गुदद्वारातून देऊन गॅमा कॅमेऱ्याने त्याचा प्रवास टिपला. निरोगी कुत्र्यात आधी यकृत उजळते, काही सेकंदांनी हृदय. आडवाट असेल तर हृदय आधी, किंवा दोन्ही एकदमच. निरोगी कुत्र्यात यकृत चुकवणारा वाटा १५ टक्क्यांहून कमी भरतो, आजाऱ्यात बहुधा ६० च्या वर. मात्र आडवाट नेमकी कुठे आहे, हे या चित्रात नीट दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागते.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मुंबईत १९६३ पासून अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर. मधे रात्रभराची रेल्वे. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तास. बारा तासांत रुपयाचे चार आणे उरतात. म्हणून टेक्नेशियम नव्हे, त्याची जननी मॉलिब्डेनम-९९ पाठवतात. तिचे अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे तेवढ्याच प्रवासात चौदा आणे शाबूत. मुक्कामी पोचल्यावर क्षारद्रावणाने टेक्नेशियम धुऊन काढायचे, काही तासांनी पुन्हा काढायचे. या उपकरणाला शास्त्रज्ञ ‘गाय’ म्हणतात व त्या कामाला ‘दोहणे’. लाल कंधारीच्या मुलखात हे वेगळे समजवावे लागू नये.

तपासणीनंतर कुत्र्याला वेगळे ठेवतात. चोवीस तासांनी त्याच्या अंगात फार तर एक आणा उरतो.