बॉम्बे रक्तगट : ओळखण्याच्या पद्धती

तांबड्या पेशींवर ए, बी आणि एच हे तिन्ही प्रतिजन नसलेला दुर्मिळ रक्तगट. चिन्ह ओएच. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या व्यक्तींवरून 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याची पहिली नोंद प्रसिद्ध केली.

एच हा ए आणि बी या दोन्ही प्रतिजनांचा पाया आहे. एफयूटी1 जनुकापासून बनणारे विकर पेशीपृष्ठावरील शर्कराशृंखलेला फ्यूकोज जोडते, तेव्हा एच तयार होतो. तो नसेल तर ए किंवा बीचे जनुक असूनही प्रतिजन उमटत नाही. मात्र हे जनुक अपत्यात प्रकट होऊ शकते. ‘ओ’ समजल्या गेलेल्या आईवडिलांच्या पोटी ‘ए’ गटाचे मूल जन्मले की पालकत्वाविषयी नाहक संशय घेतला जातो, त्यामागे कधी हे कारण असते.

रक्तरस तपासणी : केवळ पेशींची तपासणी केली तर हा गट ‘ओ’ म्हणूनच नोंदला जातो. ॲन्टी-ए आणि ॲन्टी-बी या दोन्ही नळ्यांत गुठळ्या होत नाहीत आणि कार्डावर ‘ओ’ लिहिले जाते. चूक पकडते ती उलट तपासणी, म्हणजे रुग्णाचा रक्तरस ज्ञात गटाच्या पेशींशी मिसळून पाहणे. खऱ्या ‘ओ’ व्यक्तीचा रक्तरस ए आणि बी पेशींच्या गुठळ्या करतो, ओ पेशींना हात लावत नाही. बॉम्बे गटाच्या रक्तरसात ॲन्टी-एचही असल्याने ओ पेशींच्या नळीतही ठळक गुठळ्या दिसतात. मात्र रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी त्याच्या रक्तरसात मोकळ्या राहतात. ही शेवटची नळी टाळू नये. शीत स्वप्रतिपिंडांमुळे होणारा घोळ तिच्यामुळेच वगळता येतो. ओ पेशींची नळी लावण्यात दिरंगाई करणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, कारण हे ॲन्टी-एच शरीराच्या तापमानालाही क्रियाशील असते आणि दिलेल्या ‘ओ’ रक्ताच्या पेशी फोडते. क्रॉसमॅचमध्ये ‘ओ’ची एकामागून एक पिशवी जुळेनाशी झाली की अनुभवी तंत्रज्ञाला हीच शंका येते.

पुष्टीसाठी यूलेक्स युरोपियस या झुडपाच्या बियांपासून काढलेले ॲन्टी-एच लेक्टिन वापरतात. ‘ओ’ पेशींच्या गुठळ्या होतात, बॉम्बे पेशींच्या होत नाहीत. लाळेत एच सापडला तर तो पॅरा-बॉम्बे प्रकार ठरतो. पॅरा-बॉम्बेच्या काही प्रकारांत पेशींवर अत्यल्प ए किंवा बी असतो. तो शोषण-उत्सर्जन पद्धतीने शोधावा लागतो.

रेणवीय तपासणी : भारतीय नमुन्यांत एफयूटी1मधील 725व्या स्थानी टी ऐवजी जी हा बदल आणि त्याच्या जोडीने एफयूटी2 जनुकाचा लोप वारंवार आढळतो. पीसीआर व अनुक्रमनिर्धारणाने निदान पक्के होते; रक्त देण्याचा निर्णय मात्र रक्तरस तपासणीवरच घ्यावा लागतो.

प्रमाण : भारतात सुमारे 10,000 व्यक्तींत एक, युरोपात सुमारे 10 लाखांत एक. पाहणीनुसार आकडे बदलतात.

रक्तसंक्रमण : फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे स्वतःचे रक्त साठवता येते. गट अप्रभावी पद्धतीने उतरत असल्याने रुग्ण सापडताच सख्ख्या भावंडांची तपासणी करावी. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक भावंड याच गटाचे असण्याची शक्यता चारात एक असते.